जुन्या मोटारींचा शौक आणि आपल्या कारागिरांची रोजी

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली. अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीवर आपल्या समाजातील किती घरांच्या चुली पेटल्या, याची मोजदाद कोणी केलेली नाही. चालवणारे, इंजिन खोलणारे, पत्रा ठोकणारे, गाद्या शिवणारे, रेडिएटर झाळणारे, यांत आपले लोक फार मोठ्या संख्येने होते. टॅक्सी गेली तेव्हा यांतल्या पुष्कळांनी हातोडी बाजूला ठेवली. मुलांना सांगितले, आता या कामात दम राहिला नाही, मोबाइल दुरुस्ती शिका.

पण त्याच पद्मिनीसाठी आज लोक मिस्त्री शोधत फिरत आहेत. हे टॅक्सीवाले नव्हेत, हे शौकीन आहेत. कोणी वडिलांची फियाट सांभाळतो आहे, कोणी अॅम्बॅसॅडर, कोणी स्टँडर्ड हेराल्ड, कोणी जुनी विलीज जीप, कोणी जावा मोटारसायकल. या लोकांचा दिनक्रम कसा असतो, त्यांना कोणते काम हवे असते, आणि ते काम आपल्या हातातून का निसटते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

शौकीन म्हणजे कोण?

जुन्या मोटारी हा फक्त राजेरजवाड्यांचा आणि शेठजींचा शौक, असा समज आहे. रोल्स-रॉइस बाळगणारे थोडेच. बाकी बहुतेक जण नोकरदार, डॉक्टर, छोटे व्यापारी, निवृत्त अधिकारी असतात. गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असते. खाली तेल ठिबकते म्हणून पुठ्ठा अंथरलेला असतो, आणि त्या तेलावरून सोसायटीच्या सेक्रेटरीचे पत्र आलेले असते. घरातला पंखा दुरुस्त व्हायला महिना लागतो, पण कार्बोरेटर मात्र रात्री अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर उघडलेला असतो.

रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना, हे लोक गाड्या बाहेर काढतात. डिकीत पाना, पकड, फॅन बेल्ट, कॉइल, कंडेन्सर, प्लग आणि पाण्याचा डबा ठरलेला. मे महिन्यात गाडी वाहतुकीत अडकली की उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पंप बसतो. मग पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबायचे, हे त्यांना पाठ असते. चार गाड्या एका जागी जमल्या की चहा होतो आणि बोलणे एकाच विषयावर येते : कुणाच्या गाडीचे काम कोणाकडे चालू आहे, आणि तो मिस्त्री कसा आहे.

आमच्या कारागीर बांधवांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. या धंद्यात पाटीचा किंवा जाहिरातीचा उपयोग नाही. रविवारच्या त्या चहावर तुमचे नाव निघते, आणि ते चांगले निघाले की वाईट, यावर पुढच्या दहा वर्षांचे काम ठरते.

कायद्याने काय बदलले?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. नव्याने नोंदणी करायची असल्यास फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांसाठी, आणि त्यानंतरच्या फेरनोंदणीस ५,००० रुपये. नव्या नोंदणीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : पन्नास वर्षांची मर्यादा दरवर्षी पुढे सरकते, म्हणून दरवर्षी नव्या गाड्या या वर्गात येतात. फियाट ११०० ला पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास मिळाले, म्हणजे पहिल्या पद्मिनी आता या वयाला पोहोचल्या आहेत. दुसरी : 'मूळ रूप' ही अट आल्याने जुन्या पद्धतीच्या कामाला किंमत आली आहे. नवे इंजिन बसवून दिले, मारुतीच्या सीट टाकल्या, असले काम टॅक्सीला चालत होते. शौकिनाला ते चालत नाही.

काम कोणते असते?

पत्र्याचे काम सर्वांत मोठे. फियाट आणि अॅम्बॅसॅडर या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही; बॉडी हाच सांगाडा आहे. म्हणून फरशीचा पत्रा आणि दरवाज्याखालचा पोकळ पत्रा गंजला तर गाडीचे बळच जाते. दोन्ही बाजूंचा गंजका पत्रा एकाच वेळी कापला आणि आतून टेका दिला नाही, तर बॉडी मधे बसते आणि मग दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. जाणता डेंटर एक बाजू पुरी करूनच दुसरी कापतो आणि प्रत्येक जोडानंतर दरवाजा लावून पाहतो. हातोडी आणि डॉलीने पत्रा सपाट आणण्याचा हात पुस्तकातून येत नाही, आणि नव्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तो शिकवलाही जात नाही. तेथे पत्रा खराब झाला की पुष्कळदा पूर्ण भागच बदलतात.

इंजिनाच्या कामात दोन प्रश्न नवे आहेत. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. जुन्या पेट्रोलातील शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. अॅम्बॅसॅडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे हेड बिडाचे, बैठक त्या बिडातच कापलेली. ती झिजून व्हॉल्व्ह आत बसतो. इलाज म्हणजे हेड उतरवल्यावर कठीण पोलादाच्या कड्या बसवणे, आणि हे काम चांगल्या मशीन शॉपमध्ये होते. दुसरा प्रश्न इथेनॉलचा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मऊ करते आणि हवेतील ओल ओढून घेते. परिणामी पंपाचा पडदा आणि पाइप फुगतात, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदे बसवून देणे, हे आज जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीचे काम आहे.

नट-बोल्टचाही हिशेब वेगळा. फियाटचे आटे मेट्रिक, अॅम्बॅसॅडरचे इंची, आणि त्याहून जुन्या इंग्रज गाड्यांत व्हिटवर्थ. पाव इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट आणि पाव इंचाचा अमेरिकी जाड आट्याचा बोल्ट, दोन्हींना इंचात वीसच आटे. नट चढतो, पण एकाचा आटा ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा. जोर लावला की आटा मरतो आणि शंभर वर्षे टिकलेला भाग एका मिनिटात निकामी होतो. ज्याच्या पेटीत तिन्ही प्रकारचे पाने आहेत आणि ज्याला फरक कळतो, त्याला गिऱ्हाईक सोडत नाही.

यांशिवाय तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडून नवी जाळी झाळणे, बंपरवर तांबे, निकेल आणि क्रोम असे तीन थर चढवणे, स्प्रिंग आणि काथ्याच्या गाद्या जुन्या शिवणीप्रमाणे शिवणे, फार जुन्या गाड्यांच्या बॉडीतील लाकडी सांगाडा सुताराकडून बनवणे, कापडी वेष्टणाच्या वायरी ओढणे. एका गाडीत आठ-दहा कारागिरांची रोजी असते. मुंबईत ऑपेरा हाउसचा स्पेअर पार्टचा बाजार, कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड, मटन स्ट्रीटचा चोरबाजार, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, या ठिकाणी शौकीन मंडळी सुटीच्या दिवशी एखाद्या दिव्याच्या काचेसाठी उन्हात फिरताना दिसतात.

काम बिघडते कोठे?

आमच्या पाहण्यातले एक प्रकरण सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. एका निवृत्त गृहस्थांनी वडिलांची साठ सालानंतरची फियाट एका मिस्त्रीकडे दिली. मिस्त्री हाताचा पक्का, नमाजी माणूस. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने तोंडी आकडा सांगितला आणि चार महिन्यांचा वायदा केला. निम्मे पैसे आगाऊ घेतले. रंग खरवडल्यावर खाली निघाली पुट्टी आणि पुट्टीखाली चाळण झालेला पत्रा. काम दुपटीचे झाले. वाढीव पैसे मागायला मिस्त्रीला संकोच वाटला. त्याने दुसऱ्या गाडीचा आगाऊ पैसा घेऊन या गाडीचा पत्रा आणला, मग दुसरीसाठी तिसरीचा. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, असे सुरू झाले. चार महिन्यांची दोन वर्षे झाली. गिऱ्हाईक फोन करी, मिस्त्री उचलीत नसे. तिसऱ्या पावसाळ्यात दुकानात पाणी शिरले, साफसफाई झाली आणि फियाटची जाळी, मूठ, घड्याळ असलेले खोके भंगारात गेले.

गृहस्थ गाडी ओढून घेऊन गेले. जाताना भांडले नाहीत, म्हणाले, "पैशाचे काही नाही हो, पण त्या मुठीवर माझ्या वडिलांचा हात होता." त्या रविवारी चहावर ही गोष्ट झाली. मिस्त्रीकडे येणार असलेल्या आणखी गाड्या आल्या नाहीत. आज तो माणूस दुसऱ्याच्या दुकानात रोजावर आहे.

या माणसाने चोरी केली नव्हती. त्याने पत्रा न बघता आकडा सांगितला, खरे बोलण्याची लाज बाळगली आणि लिहून काही ठेवले नाही. हुनर होता, हिशेब नव्हता. आमच्या मते आपल्या समाजातील कितीतरी चांगले कारागीर याच तीन चुकांनी बुडाले आहेत.

वास्तविक आपल्याला हे नव्याने शिकण्याचे कारण नव्हते. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याच्या कराराला फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. त्यात वस्तूचे वर्णन आणि किंमत आधी स्पष्ट असावी लागते. आणि धान्याच्या राशीचा प्रसंग तर आपल्या मुलांनाही माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात राशीत हात घातला, वरचे धान्य कोरडे आणि आतले भिजलेले निघाले, तेव्हा त्यांनी भिजलेला माल वर का ठेवला नाही असे विचारून फसवणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. गंजावर पुट्टी लावून वर चकचकीत रंग मारणे, हे त्या राशीहून वेगळे काय आहे?

काय करावे?

पहिले, पाहणीची मजुरी वेगळी घ्यावी. दोन दिवस गाडी ठेवून घ्या. साधा लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जाड पुट्टी असेल तेथे तो धरत नाही. चटई उचला, फरशी पाहा, संशयाच्या जागी रंग खरवडा. मग अंदाजपत्रक द्या. पाहणीशिवाय आकडा सांगू नये, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी.

दुसरे, कामाचे टप्पे करावेत : पत्रा, इंजिन, रंग, जोडणी. प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे, प्रत्येकाची पावती वेगळी. एका गाडीचा पैसा त्याच गाडीवर खर्च व्हावा. काम वाढले तर त्याच दिवशी गिऱ्हाइकाला बोलावून उघडा पत्रा दाखवा. डोळ्यांनी पाहिल्यावर बहुतेक लोक कटकट करीत नाहीत, ऐकल्यावर करतात.

तिसरे, सुटे भाग अमानत समजावेत. खोलण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, वहीत नोंद. बदललेला जुना भागसुद्धा मालकाला परत द्या. तुमच्या दृष्टीने ते भंगार असेल, त्याच्या दृष्टीने ती वडिलांची निशाणी असते.

चौथे, भाग कोणता आहे ते बिलावर लिहावे : कंपनीचा मूळ, जुना वापरलेला, की नवा बनवलेला. नवा बनवलेला भाग लावणे हा गुन्हा नाही. तो मूळ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. जुना माल घेताना विकणाऱ्याचे नाव-पत्ता आणि पावती घ्या. आणि एका गाडीचा चासी नंबर कापून दुसरीला जोडण्याचे काम कोणी कितीही पैसे देऊन सांगितले तरी हात लावू नका. तो सरळ फौजदारी गुन्हा आहे, आणि त्यात मालक सुटतो, मिस्त्री अडकतो, असे पुष्कळदा घडते.

पाचवे, जीव सांभाळावा. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची असते, कारण आत वाफ असते. धुऊन स्वच्छ केल्याशिवाय तिच्यावर झाळकाम करू नये. दोन भागांत मिसळून मारायच्या पी.यू. रंगाचा हार्डनर फुप्फुसाला मारक आहे, तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. योग्य मास्क घ्या. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ती धूळ हवेच्या दाबाने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मजुरी किती घ्यावी?

आमचे कारागीर मजुरी सांगताना स्वतःला स्वस्तात विकतात आणि मग ती कसर आगाऊ पैशातून भरून काढतात. हिशेब सोपा आहे. समजा डेंटर आणि त्याचा मदतनीस मिळून दिवसाची मजुरी २,००० रुपये धरली आणि काम पंचवीस दिवसांचे आहे, तर मजुरीच ५०,००० रुपये झाली. त्यावर गॅस, सळई, वीज, आणि गाडीने अडवलेल्या जागेचे भाडे. त्यावर आपला नफा. हा आकडा कागदावर मांडून दाखवा. शौकीन माणूस घासाघीस करतो हे खरे, पण तो स्वस्ताच्या शोधात नसतो. तो विश्वासाच्या शोधात असतो. पंचवीस दिवसांचे काम दहा दिवसांच्या दरात कबूल करणाऱ्याकडे गाडी दोन वर्षे पडून राहते, हे त्यानेही अनुभवलेले असते.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या कामाने टॅक्सीच्या जमान्यासारखी रोजची गर्दी होणार नाही. गाड्या थोड्या आहेत आणि काम संथ आहे. ज्याचे दुकान रोजच्या दुरुस्तीवर चालते त्याने ते बंद करून यात उडी घेऊ नये. रोजचे काम चालू ठेवून एका कोपऱ्यात एक जुनी गाडी घ्यावी, ती वेळेवर पुरी करून द्यावी, आणि मगच दुसरी घ्यावी.

प्रश्न उरतो शागिर्दांचा. पत्रा हाताने ओढणारे, जुन्या डायनॅमोची कॉइल भरणारे, काथ्याची गादी बांधणारे उस्ताद आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याबरोबर हा हुनर कबरीत जाईल. आय.टी.आय. झालेला मुलगा वर्षभर अशा उस्तादाजवळ बसला, तर उस्तादाचा हात आणि मुलाची वही-हिशेब, फोटो, संगणक, असा जोड जमेल. वर सांगितलेल्या प्रकरणातील मिस्त्रीजवळ असा एक मुलगा असता, तर ते खोके भंगारात गेले नसते, आणि त्याचे दुकान आज उघडे असते.

म्हणून ज्या बांधवांनी पद्मिनीबरोबर हातोडी ठेवून दिली, त्यांना आमची विनंती आहे की ती बाहेर काढावी, आणि तिच्या शेजारी एक वही ठेवावी. हुनर अल्लाहने दिलेला आहेच. वही आपली आपल्याला ठेवायची आहे. दोन्ही असतील तर या रोजीत इन्शाअल्लाह बरकत आहे.